खोल पेरलेला गहू

(कोरड्या रानात गव्हाचा दाणा किती खोल पेरला तर उगवून वर येईल, हा प्रश्न आपल्या भागातील शेतकऱ्याला फार जुना आहे. त्याचे उत्तर शोधताना इटली, जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि आपले पुणे एकमेकांशी कसे जोडले गेले, त्याची हकिगत या पाठात सांगितली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, दिवाळीच्या सुमारास बुलढाण्याहून चिखलीला किंवा मेहकरला जाणाऱ्या एस.टी.त बसलात तर खिडकीबाहेर जरा लक्ष देऊन पाहा. सोयाबीन निघालेले असते. काळे रान मोकळे दिसते. कुठे हरभरा पेरणे चालू असते, तर कुठे गहू. या हंगामाला मराठीत रब्बी म्हणतात, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. पण हा शब्द मुळात तुमच्या ओळखीचाच आहे. अरबीत 'रबी' म्हणजे वसंत ऋतू आणि 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू. जे पीक शरदात हाती येते ते खरीप आणि जे वसंतात हाती येते ते रब्बी. मराठी शेतकरी शेतातल्या कामाला 'मशागत' म्हणतो. तो शब्दही 'मशक्कत'वरून आला आहे. तेव्हा शेतावरचा हा पाठ तुम्हांला अगदी परका वाटण्याचे कारण नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. 'गहू' या शब्दाला प्रत्यय लागला की त्याचे रूप बदलते. गव्हाचा, गव्हाला, गव्हाने असे म्हणावे लागते. या पाठात हे रूप तुम्हांला अनेकदा भेटेल.

आता पुन्हा त्या रानाकडे वळू. पाऊस थांबलेला असतो. दिवसाचे ऊन आणि वारा यांमुळे जमीन वरून सुकत जाते आणि ओल खाली खाली सरकते. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो शेतकरी पेरणीआधी किंवा पेरणीनंतर पाणी देऊन गहू उगवून घेतो. याला ओलिताचा गहू म्हणतात. ज्याच्याजवळ पाणी नाही त्याचा गहू कोरडवाहू. त्याला जमिनीत उरलेल्या ओलीवरच सारे भागवायचे असते. वरच्या कोरड्या मातीत पडलेला दाणा उगवत नाही. थोडासा फुगतो आणि मरतो, नाही तर मुंग्या आणि पाखरे त्याला नेतात. दाणा ओलीतच पडला पाहिजे. ओल अर्धी वीत खाली गेली असेल, तर दाणाही तेवढाच खाली गेला पाहिजे.

पूर्वीचे शेतकरी तसेच करीत. तिफणीला तीन फण असतात. प्रत्येक फणामागे एक नळी आणि या नळ्यांच्या वर लाकडी वाटीसारखे चाडे. बैल तिफण ओढीत आणि मागून चालणारी बाई चाड्यावर मूठ धरी. तिच्या मुठीतून सुटलेले दाणे नळ्यांतून थेट खालच्या ओलीत जात. तेव्हा पेरला जाई तो बन्सी गहू. त्याचा दाणा लांबट, कठीण आणि पिवळसर असतो. शास्त्रज्ञ त्याला ड्युरम गहू म्हणतात. आपण चपातीला वापरतो तो सरबती गहू याहून वेगळा.

एवढ्या खोल पडलेला दाणा वर कसा येत असेल? हे तुम्ही घरीच पाहू शकता. गव्हाचे चार दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून दोन-तीन दिवस ठेवा. खालच्या बाजूला मुळ्या फुटतील आणि वर एक पांढुरका, टोकदार कोंब निघेल. हा कोंब म्हणजे पान नव्हे. ते पानावरचे म्यान आहे. तलवारीचे म्यान तुम्हांला ठाऊक आहे, तसेच हे. त्याच्या आत पहिले कोवळे पान गुंडाळलेले असते. म्यान माती भेदत वर येते. उजेडाशी गाठ पडली की त्याची वाढ थांबते, टोकाला फट पडते आणि त्यातून हिरवे पान बाहेर येते.

पण म्यान जमिनीच्या वर पोचण्याआधीच थांबले तर? मग पान मातीच्या आतच म्यानाबाहेर पडते. ते मऊ असते. माती भेदण्याचे बळ त्याच्यात नसते. ते चुण्या पडून दुमडते आणि तिथेच संपते. आठ-दहा दिवसांनी शेतकरी रानात येतो, तर ओळीच्या ओळी रिकाम्या. तो म्हणतो, "बियाणे खोटे निघाले." पुष्कळदा बियाणे खोटे नसते. म्यान तोकडे पडलेले असते. शेतकऱ्याचे नुकसान मात्र दोन्ही प्रकारे सारखेच. बियाणे गेले, पेरणीची मजुरी गेली आणि दुबार पेरायला आता ओलही उरली नाही.

म्यान तोकडे का पडू लागले, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. जुना बन्सी गहू उंच वाढत असे. त्याला भरपूर खत आणि पाणी दिले की ओंब्या जड होत, काड वाकत असे आणि सारे पीक जमिनीवर आडवे होई. याला 'गहू लोळणे' म्हणतात. म्हणून उत्पन्न एका मर्यादेपलीकडे जात नव्हते. जपानमध्ये १९३५ साली 'नोरिन-१०' नावाचा बुटका गहू तयार झाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचे बी अमेरिकेत गेले. तिथून ते मेक्सिकोत काम करणाऱ्या नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती आले. त्यांनी बुटके, खताला दाद देणारे वाण तयार केले. १९६३ मध्ये बोरलॉग भारतात आले. डॉ. एम. एस. स्वामिनाथन आणि इतर भारतीय शास्त्रज्ञांनी हे वाण येथे रुजवले. १९६६ साली आपल्या देशाने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे मागवले. पुढे जे घडले त्याला हरितक्रांती म्हणतात. परदेशी धान्याच्या जहाजांची वाट पाहणारा देश आपल्या धान्यावर जगू लागला. या बुटक्या गव्हाला नावे ठेवण्याचा आपला अजिबात हेतू नाही.

तरीही त्याच्यात एक उणीव होती. झाडाच्या अंगात जिबरेलिन नावाचे द्रव्य तयार होते. ते जणू झाडाच्या पेशींना हाक मारून सांगते, "वाढा, लांब व्हा." नोरिन-१०मधून आलेल्या जनुकांमुळे झाडाला ही हाक नीट ऐकूच येत नाही. म्हणून खोड आखूड राहते. पण खोडाबरोबर म्यानही आखूड राहते! असा गहू तीन बोटे, म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर खोल पेरला तर छान उगवतो. ओलिताच्या रानात तेवढे पुरते. कोरडवाहू शेतकऱ्याची मात्र पंचाईत होते. वर पेरावे तर ओल नाही. खोल पेरावे तर म्यान पुरत नाही. पाण्याची सोय नसलेल्या अनेकांनी मग गहू सोडला आणि हरभरा धरला.

खोड आखूड आणि म्यान मात्र लांब, असा गहू मिळाला तर? आता आपल्याला बुलढाण्याहून थेट इटलीत जावे लागेल. बन्सीच्या जातीचा गहू इटलीतही फार पिकतो, कारण त्याच्या रव्यापासून तिथले लोक पास्ता करतात. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या शास्त्रज्ञांनी या गव्हाच्या दाण्यांवर न्यूट्रॉन किरणांचा मारा केला. अशा माऱ्याने एखाद्या जनुकात बदल होतो आणि तो बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो. (त्या पुढच्या पिढ्यांत किरणांचा अंश राहत नाही, ही भीती मनातून काढून टाका.) त्यांतून निवडलेल्या दोन वाणांची नावे 'कास्तेलपोर्झियानो' आणि 'इकारो'. दोन्ही बुटके. पण त्यांचा बुटकेपणा नोरिन-१०पेक्षा वेगळ्या जनुकांमुळे आलेला होता. कास्तेलपोर्झियानोमधील जनुकाला 'आर.एच.टी.-१४' आणि इकारोमधील जनुकाला 'आर.एच.टी.-१८' असे नाव आहे. हे जनुक असलेल्या झाडाला जिबरेलिनची हाक ऐकू येते. खोड आखूड असूनही त्याचे म्यान लांब वाढते.

मग अडचण कुठे आली? अडचण आली ती ओळखण्यात. इकारो आणि आपला देशी गहू यांचा संकर केला की शेकडो रोपे मिळतात. त्यांतली काही उंच, काही बुटकी. पण शेतात उभे राहून पाहिले तर नोरिनच्या जनुकाने बुटके झालेले झाड आणि इकारोच्या जनुकाने बुटके झालेले झाड सारखेच दिसते. म्यान तर मातीखाली असते आणि झाड मोठे होईपर्यंत ते नाहीसेही होते. डोळ्यांनी निवड करणारा फसतो.

येथे जनुकीय खुणा कामाला येतात. समजा, तुमच्याकडे परगावचे पाहुणे पहिल्यांदाच येणार आहेत. मोहल्ल्यात सगळी घरे सारखी. तुम्ही त्यांना सांगता, "पाण्याच्या टाकीपाशी उतरा, टाकीला लागूनच आमचे घर आहे." घर दुरून दिसत नाही, टाकी दिसते. जनुक म्हणजे ते घर आणि खूण म्हणजे ती टाकी. खूण स्वतः काही करत नाही, ती फक्त जनुकाचा पत्ता सांगते. टाकी घराला अगदी लागून असेल तर पाहुणे चुकत नाहीत. ती दूर असेल तर ते भलत्याच दारात जाऊन उभे राहतात. जनुकांचेही असेच आहे. आई-बापांकडून आलेली गुणसूत्रे पुढच्या पिढीत जाताना आपापसांत तुकडे बदलतात. खूण आणि जनुक यांच्यामध्ये अंतर जास्त असेल, तर दोघांची ताटातूट होते आणि खूण पाहून केलेली निवड चुकते. म्हणून जनुकाच्या जवळात जवळची खूण शोधणे हेच खरे काम आहे.

ते काम कोणा एका देशाने केले नाही. गव्हाच्या गुणसूत्रांवरील अनेक खुणा अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील शेती संशोधन केंद्राने शोधून जगापुढे ठेवल्या होत्या. त्या केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या खुणांना 'बार्क' म्हणतात. (मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रालाही बार्क म्हणतात, पण त्याचा इथे संबंध नाही.) २०११ साली जपानमधील संशोधकांनी दाखवले, की हे दोन्ही जनुक '६-ए' या गुणसूत्रावर, 'बार्क-३' या खुणेच्या आसपास आहेत. आता मोहल्ला कळला होता. घर सापडायचे होते.

यापुढचा मोठा भाग आपल्या पुण्यात झाला. पुण्यातील आघारकर संशोधन संस्था १९४६ साली स्थापन झाली. तेव्हा तिचे नाव महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी असे होते. तिचे पहिले संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणचे, वनस्पतिशास्त्राचे मोठे अभ्यासक. कोलकाता विद्यापीठात ते प्राध्यापक होते. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. ही संस्था ज्या रस्त्यावर आहे तो आगरकर रस्ता! समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर वेगळे आणि हे आघारकर वेगळे. भले भले लोक इथे गोंधळतात, तुम्ही गोंधळू नका. बारामती तालुक्यातील होळ या गावी संस्थेचे शेत आहे. 'एम.ए.सी.एस.' अशा अक्षरांनी सुरू होणारे गव्हाचे वाण तुमच्या घरी कोणी पेरले असेल, तर ते याच संस्थेचे.

येथील डॉ. रवींद्र पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीच्या बुटक्या वाणांचा उंच भारतीय बन्सी गव्हाशी संकर केला. गव्हाचा संकर हे फार नाजूक काम आहे. गव्हाच्या प्रत्येक लहानशा फुलात तीन परागकोश असतात. ते पिकण्याआधीच बारीक चिमट्याने एक-एक काढावे लागतात. एक जरी राहिला तरी फूल स्वतःच्याच परागाने फळते आणि मेहनत वाया जाते. मग ओंबीवर कागदी पिशवी चढवतात. दोन-तीन दिवसांनी पिशवी उघडून दुसऱ्या वाणाचे पराग त्या फुलांवर शिंपडतात आणि पिशवी पुन्हा बंद करतात. अशा संकरातून आलेल्या पिढ्या वाढवायच्या, प्रत्येक झाडाची उंची मोजायची, रोपांची म्याने मोजायची आणि त्याच झाडांच्या पानांतून डीएनए काढून खुणा तपासायच्या. ज्या खुणेची आणि बुटकेपणाची ताटातूट होत नाही, ती खूण घराला लागून आहे असे समजायचे. २०१७ मध्ये आर.एच.टी.-१८च्या आणि २०१९ मध्ये आर.एच.टी.-१४च्या जवळच्या खुणा त्यांनी प्रसिद्ध केल्या. मधल्या काळात, २०१८ साली, ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील शास्त्रज्ञांनी आर.एच.टी.-१८ कसे काम करतो हे उलगडून दाखवले. या जनुकामुळे झाडातील जिबरेलिनच कमी होते. म्हणजे झाडाचे कान शाबूत असतात, हाक तेवढी हळू येते. ऑस्ट्रेलियात हे काम कशासाठी? तिथेही शेती कोरडवाहू आहे आणि ओल खोल जाते. मेहकरच्या शेतकऱ्याचे आणि तिथल्या शेतकऱ्याचे दुखणे एकच.

खूण मिळाल्यावर निवड कशी करतात, तेही पाहा. रोप दोन-तीन पानांचे झाले की पानाचा नखाएवढा तुकडा घेतात. तो कुटून त्यातून डीएनए वेगळा करतात. एका यंत्रात खुणेच्या जागेच्या लाखो नकला तयार होतात. मग या नकला जेलीसारख्या पातळ वडीत भरून तिच्यातून वीज सोडतात. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात. विशिष्ट प्रकाशात पाहिले की पट्टे दिसतात. पट्टा एका जागी असेल तर खूण इटलीच्या वाणाकडून आलेली, दुसऱ्या जागी असेल तर आपल्या वाणाकडून. नको असलेली रोपे लगेच उपटून टाकतात. पीक वाढेपर्यंत थांबावे लागत नाही. इटलीच्या वाणाबरोबर नको असलेले गुणही येतात. ते घालवण्यासाठी निवडलेल्या रोपांचा आपल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो आणि प्रत्येक वेळी हवा तो जनुक हरवला तर नाही ना, हे खूण सांगते.

काही लोकांना वाटते, की या रीतीने गव्हात बाहेरून जनुक घुसवतात. तसे नाही. पराग गव्हाचेच आणि संकरही आपल्या बापजाद्यांच्या काळापासून चालत आला तसाच. फक्त निवड करणारा आता डोळ्यांबरोबर खुणाही पाहतो.

अशा खुणांचा उपयोग तांबेरा रोगाविरुद्धही होतो. १९९८ साली युगांडात काळ्या तांबेऱ्याचा एक भयंकर प्रकार आढळला. तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्यावर उडून एका देशातून दुसऱ्या देशात जातात, त्यांना पासपोर्ट लागत नाही. म्हणून भारताचे गहू केनियातील न्जोरो येथे पाठवून त्या रोगासमोर उभे करून पाहिले गेले. याहून मोठे सहकार्य झाले ते गव्हाचे सारे जनुक वाचण्यासाठी. माणसाच्या डीएनएमध्ये सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात. सरबती गव्हाच्या डीएनएमध्ये सुमारे सोळा अब्ज! २००५ साली अनेक देशांनी एकत्र येऊन हे काम हाती घेतले आणि गुणसूत्रे आपापसांत वाटून घेतली. भारताच्या वाट्याला '२-ए' हे गुणसूत्र आले. लुधियाना आणि दिल्ली येथील संस्थांनी ते काम केले. २०१८ मध्ये पूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर २० देशांतील २०० हून अधिक शास्त्रज्ञांची नावे होती. तो आराखडा कोणालाही पाहायला खुला आहे. पाण्याच्या नव्या टाक्या शोधणे त्यामुळे फार सोपे झाले.

पुण्याच्या शास्त्रज्ञांचे काम २०२० साली केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने लोकांपुढे मांडले. तेव्हा पंजाबचाही उल्लेख झाला. तिथे भाताचे काड शेतात पडून राहते. त्याच्याखालून गव्हाचे तोकडे म्यान वर येत नाही, म्हणून शेतकरी काड जाळतात आणि धूर दिल्लीपर्यंत जातो. लांब म्यानाचा गहू तिथेही उपयोगी पडू शकतो.

पण खूण सापडली म्हणजे वाण तयार झाले, असे समजू नका. संकरातून निवडलेला गहू कर्नालहून चालणाऱ्या अखिल भारतीय चाचण्यांत उतरावा लागतो. वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या जमिनींत तो वर्षानुवर्षे तपासला जातो. उत्पन्न कमी आले, तांबेऱ्याला बळी पडला किंवा रवा चांगला निघाला नाही, तर तो बाजूला पडतो. कोरडवाहू रानासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे 'शरद' आणि निफाड केंद्राचे 'पंचवटी' हे बन्सी वाण अशाच चाचण्यांतून आले आहेत. खुणेमुळे निवडीची वर्षे वाचतात, पण रानातली परीक्षा टळत नाही.

ही परीक्षा तुम्हीही लहान प्रमाणात घेऊ शकता. चार रुंद, खोल डबे घ्या. तळाला भोके पाडा. प्रत्येकात काळी ओलसर माती भरून गव्हाचे दहा-दहा दाणे ठेवा. पहिल्या डब्यात ते तीन सेंटिमीटर खोल असावेत, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात नऊ आणि चौथ्यात बारा. दाणे ठेवण्याआधी त्यांना औषध लावलेले नाही याची खात्री करून घ्या. पंधरा दिवसांनी प्रत्येक डब्यात किती रोपे वर आली ते मोजा. जी वर आली नाहीत त्यांची माती हलक्या हाताने बाजूला करा आणि म्यान कुठे थांबले ते पट्टीने मोजा. गावात कोणाजवळ जुना बन्सी गहू असेल तर मूठभर मागून आणा आणि त्याचेही चार डबे याच डब्यांशेजारी लावा.

शब्दार्थ
ओल – जमिनीतील ओलावा, नमी. कोरडवाहू – फक्त पावसावर किंवा जमिनीतील ओलीवर अवलंबून असलेली (शेती). ओंबी – गव्हाचे कणीस. लोळणे – (पीक) आडवे पडणे. वाण – पिकाचा विशिष्ट प्रकार. संकर – दोन वाणांचे मीलन. ताटातूट – एकमेकांपासून वेगळे होणे. पंचाईत – अडचण.

स्वाध्याय
१. बियाणे चांगले असूनही खोल पेरलेला बुटका गहू का उगवत नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. पाण्याची टाकी आणि घर या उदाहरणातून लेखकाने काय समजावले आहे? असेच दुसरे उदाहरण तुम्ही तयार करा.
३. 'गहू – गव्हाचा' याप्रमाणे विंचू, नातू, भाऊ या शब्दांची रूपे लिहा.
४. या पाठातील उर्दूतही वापरले जाणारे शब्द शोधा. त्यांपैकी कोणत्या शब्दांचा अर्थ मराठीत थोडा बदलला आहे, ते घरातील मोठ्या माणसांना विचारून लिहा.